रस्सा ओरपून रक्त आंबट होत नाही

कोल्हापूरच्या रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर तोच मेसेज परत फिरतोय. थकवा, केस गळणं, सांधेदुखी म्हणजे अंगात ॲसिड साठलंय. तांबडा रस्सा सोडा, उपाशीपोटी लिंबू आणि खायचा सोडा पाण्यात घ्या, अल्कलाइन (आम्लाच्या उलट) शरीरात कॅन्सर टिकत नाही.

पहिलं रश्श्याचं. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ७.३५ ते ७.४५ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात राहतो. फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, मूत्रपिंडं जादा आम्ल लघवीवाटे काढतात. मटण खाल्ल्यानं बदलतो तो लघवीचा पीएच. मेसेजवाले पीएच मोजायची पट्टी लघवीत बुडवायला सांगतात आणि निकाल रक्ताच्या नावावर खपवतात!

थकवा-केसगळतीला रक्त कमी असणं, थायरॉइड अशी साधी कारणं तपासणीत सापडतात. कॅन्सरचं तर उलटंच आहे: गाठ स्वतःच भोवती आम्ल तयार करते, आणि लिंबूपाणी पिऊन ते हटत नाही.

लिंबू-सोडा ग्लासात फसफसतो तेव्हाच दोघांनी एकमेकांना बरंचसं मारलेलं असतं. मागे राहतं सोडियम. चमचाभर खायच्या सोड्यात ते सव्वा ग्रॅमच्या आसपास असतं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २ ग्रॅम. बीपीवाल्यानं रोज हे प्यायचं?

पित्त मात्र खरं आहे. रात्री अकराला रस्सा ओरपून लगेच आडवं झालं की जठरातलं आम्ल अन्ननलिकेत चढतं, छाती जळते. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं दूध घटकाभर गार वाटतं, पण दुधानं आम्ल पुन्हा सुटतं. झोपण्याआधी दोन-तीन तास जेवण उरकणं जास्त कामाचं. तरीही हा त्रास जठर-अन्ननलिकेचा, रक्ताचा नव्हे.

रक्तात खरंच आम्ल वाढतं तेव्हा मामला वेगळा असतो, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच नाही. इन्सुलिन चुकलेल्या मधुमेह्याला उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोरजोरात श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, गुंगी. मूत्रपिंड निकामी झालं किंवा जंतुसंसर्ग अंगभर पसरला तरी असं होतं. आणखी एक: छातीवर दाब, घाम, कळ हातात किंवा जबड्यात. त्याला ‘पित्त झालंय’ म्हणत सोडा हुडकत बसू नका. १०८ लावा किंवा सीपीआर हॉस्पिटल गाठा, आणि आधी ईसीजी काढा.