मालक बदलला, बदलू दे, बातम्यांचं काय?

आमच्या शाळेच्या ग्रुपवर परवा परत तोच वाद. एकानं टाकलं की पुण्यातल्या एफएममध्ये काही राम राहिला नाही, रेडिओ सिटी २०१५ ला हिंदी पेपरवाल्या जागरणनं घेतलं, बिग एफएम दिवाळखोरीतून २०२४ ला सफायर मीडियाकडे गेलं, मालक कुठले कुठले आणि ऐकणारे आपण, मराठी गाणं लागलं तर लॉटरी. मग ठरलेलं वाक्य, 'तुझं बरंय बाबा इंग्लंडात, तिकडे गावागावाचं स्वतःचं स्टेशन असतं.'

असायचं. मी आलो तेव्हा आमच्या गावच्या स्टेशनवर सकाळी एक बाई असायची, कुठला रस्ता खणलाय, कुणाचं मांजर हरवलंय, सगळं सांगायची. स्टेशन एका मोठ्या कंपनीनं घेतलं, नाव बदललं, आणि एका सकाळी लावलं तर बाई गायब, ऐंशीच्या दशकातली गाणी आणि लंडनमधून बोलणारा एक माणूस, तोच एकाच दमात पार पलीकडच्या टोकाच्या गावालाही गुड मॉर्निंग म्हणतोय. बीबीसीच्या लोकल स्टेशनांचंही २०२३ पासून तेच, दुपारी दोननंतर बरेचसे कार्यक्रम शेजारच्या भागांसोबत वाटून. तेव्हा मालकी न् फॉरमॅटच्या बाबतीत इकडे काही सोनं लागलेलं नाही, उगाच हेवा करू नका.

पण हेवा करायचाच तर एका गोष्टीचा करा. इथे खासगी लोकल एफएमला, मालक कोणी का असेना, नियमानं लोकल बातम्या द्याव्या लागतात. कौन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, लायब्ररी बंद करायचं काढलं की ते रेडिओवर कळतं. आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःची बातमी द्यायलाच बंदी, आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायचं तर लावा. ट्रॅफिक, हवामान, पाणीकपात, पूर हे चालतं, कारण सरकारी व्याख्येत ती बातमीच नाही!

२५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकता नगरीत शिरलं, तेव्हा आई तिथून जवळच, लाइट गेलेले, मोबाइल पाच टक्क्यांवर आणि मी इथून फोन लावून लावून वेडा झालेलो. चालू होता तो तिचा जुना ट्रान्झिस्टर, एरियल मोडली म्हणून बाबांनी हँगरची तार खोचलेली. नंतर म्हणाली, आरजे पोरगा गुणी होता हो, भिडे पूल पाण्याखाली गेलाय, शाळांना सुट्टी, नदीकडे जाऊ नका, नीट सांगत होता. पण पाणी सोडताय हे लोकांना आधी धड का नाही सांगितलं, हे अख्खा सिंहगड रोड विचारत होता आणि ते काही त्या पोराला माइकवर विचारता येत नाही. पूल बंद सांगायचं आणि गाणं लावायचं.

ट्रायनं, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणाच्या सरकारी नियामकानं, सप्टेंबर २०२३ ला शिफारस केलीये की खासगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्या. त्यावर आमच्या ग्रुपवर एक मेसेज दाखवा, जेवण माझ्याकडून. परवा मीच विषय काढला तर एक म्हणाला, मालक आपल्या सोयीनं रंगवून सांगतील. सांगतील की, पेपरवाले काय वेगळं करतात? उलट तेव्हा मालक कोण ते विचारण्यात अर्थ तरी असेल, आत्ता तो बदलून बदलून गाण्यांची यादी बदलणार.

आणि पुणेकरांना भांडता येत नाही असंही नाही. जून २०२३ ला आकाशवाणी पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून द्यायचं ठरलं, केवढी बोंब झाली, शेवटी स्थगिती आली. (बोंब मारणाऱ्यांतले किती जण रोज ऐकत होते ते सोडा, मीही त्यातलाच.) आई मात्र ऐकते. सकाळी सात दहाला, बातम्यांच्या वेळी, फोन केला तर उचलत नाही, सात वीसला स्वतः मिस्ड कॉल देते, तेव्हा इथे मध्यरात्र उलटून गेलेली असते.