गवा मारायला मोकळा? कोणी सांगितलं?

परवा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या मामाने एक फॉरवर्ड पाठवला. खाली त्याची ओळ, 'आता वाड्यावर बंदुका निघणार बघ.' तेव्हा लिहिणं भाग आहे.

मजकूर थोडक्यात असा: गवा ही रानम्हैस. गवे फार झाले म्हणून सरकारने त्यांना उपद्रवी ठरवलं, मारले तर गुन्हा नाही. राज्यपक्षी बुलबुल मात्र नामशेष होतोय, तर घरोघरी पाळून वाचवा.

आधी बंदुकीचं बोलू. गवा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. उपद्रवी ठरवायचा अधिकार केंद्राचा, राज्याचासुद्धा नाही. आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर तो फक्त दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यांपुरता. पहिल्या अनुसूचीतलं जनावर मारलं तर किमान तीन वर्षं कैद, सात वर्षांपर्यंत, वर निदान पंचवीस हजार दंड. फॉरवर्ड लिहिणारा जामीन द्यायला येणार आहे का?

अफवेला शेपूट आहे, नाही असं नाही. २०१६ मध्ये गोव्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांनी गवा, माकड, अगदी मोरसुद्धा उपद्रवी यादीत घालायची भाषा केली होती. भाषाच. आणि गवा कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, शिरला की केळी, पोफळीची रोपं एका रात्रीत जमीनदोस्त होतात, हेही खरं. मामाचं नुकसान मी डोळ्यांनी पाहिलंय. मिळणारी भरपाई पुरते म्हणणारा शेतकरी मला अजून भेटायचाय.

रानम्हैस? आपण 'गवारेडा' म्हणतो, त्यातून हा घोळ. गवा गाईच्या कुळातला, शास्त्रीय नाव बॉस गॉरस. म्हैस बुबॅलस, नुसती वेगळी प्रजाती नव्हे, प्रजातींचा गटच वेगळा.

आता बुलबुल. धोक्यातल्या जिवांच्या जगभरच्या यादीत, म्हणजे आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, गवा 'असुरक्षित' आणि आपला राज्यपक्षी, लाल कंठाचा बुलबुल, 'किमान चिंता' वर्गात. फॉरवर्डने नेमकं उलटं केलंय! हा पक्षी पश्चिम घाटाबाहेर सापडत नाही, म्हणून जपायला हवा, पण पिंजऱ्यात नव्हे. रानातला बुलबुल पाळणं हाही त्याच कायद्याने गुन्हा.

शिवाय सोबतचा फोटो तुरेवाल्या शिपाई बुलबुलाचा आहे. राज्यपक्ष्याला तुराच नसतो. काळं डोकं, पिवळं पोट, माणकासारखा गळा. गोव्यातल्या मोल्याच्या रानात सकाळी जा, दिसेल.