चेकवर दोन सह्या, ऑनलाइनला एक पोरगं

धर्मादाय संस्थांच्या सायबर सुरक्षेचे नेतृत्व विश्वस्तांनीच करावे, हे एका लेखातले म्हणणे पटले. पण नागपुरात हे कोणाच्या गळी उतरवायचे? महाल-धरमपेठेतल्या जुन्या संस्थांत 'कॉम्प्युटरचं ते पोरगं पाहते ना' म्हटले की विषय संपला. त्या पोराला मिळते तुटपुंजे मानधन आणि हाती असतात देणगीदारांचे पॅन, पत्ते, रकमा (देणगीवरच्या करसवलतीसाठी हे सगळे ठेवावेच लागते).

चेकवर दोन सह्यांचा आग्रह, पण नेटबँकिंगचा पासवर्ड अध्यक्षांपासून लेखनिकापर्यंत सगळ्यांना पाठ! एकाने व्यवहार भरायचा, दुसऱ्याने मंजूर करायचा, ही सोय बऱ्याच बँकांत आहे. ती घेण्याचा ठराव पोरगं करू शकत नाही, विश्वस्त मंडळालाच करावा लागतो. आणि धर्मादाय आयुक्तांपुढे उत्तर द्यायलाही विश्वस्तच उभे राहतात. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तर सुरक्षेत हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपल्या संस्थांना एवढा होणार नाही, पण 'आम्हाला त्यातलं कळत नाही' हे कारण तिथे चालायचे नाही.

आणखी एक, ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. सभा नंतर बोलवा.