पुन्हा तेच सिलिकॉन!

झालं! टब आणि भिंतीमधली फट बुजवायला भरतात ना, त्या रबरासारख्या सिलिकॉनवर परत बुरशीचे काळे ठिपके. ६ महिन्यांपूर्वीच तर गुडघे सोलवटून सगळं नव्यानं भरलं होतं.

भरणं हे काम नाहीच मुळी. खरा वैताग जुनं खरवडण्याचा. ब्लेड घेऊन तासभर बसा, तरी फटीत एखादा पापुद्रा चिकटलेला असतोच, आणि जुन्या सिलिकॉनला नवं धरत नाही म्हणजे नाही. मागच्या वेळी ‘एवढ्याशानं काय होतंय’ म्हणत मी वरूनच लेप दिला. भोगा आता! शिवाय टबात पाणी भरून मग फट भरायची असते, हे मला नंतर कळलं. वजनानं फायबरचा टब दबतो, फट रुंदावते. रिकाम्या टबाला भरलेली कड मग आंघोळीला बसलं की ताणून सुटते.

सिलिकॉनच्या नळीचं टोक कापावं तर भोक हमखास मोठंच होतं. बोटानं सारवायला जावं तर ते केसांना, टॉवेलला, दाराच्या कडीला. घरभर त्याचा व्हिनेगरसारखा वास. वर २४ तास पाणी लावायचं नाही! एरवी ढकलून आंघोळीला पाठवावं लागणाऱ्यांना नेमकी त्याच दिवशी दोनदा आंघोळ करायची असते.