'आल्मा मातेर'मधली आल्मा म्हणजे आत्मा नव्हे

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांचे दिवस आले की एक मजकूर हमखास फिरू लागतो: 'आल्मा' म्हणजे आत्मा, हा शब्द संस्कृतातूनच लॅटिनमध्ये गेला, आणि आपण शिकलो त्या संस्थेसाठी वापरली जाणारी 'आल्मा मातेर' ही शब्दजोडी ('मातेर' म्हणजे आई) युरोपातल्या विद्यापीठांनी घडवली. यातले एकही विधान टिकत नाही.

पहिली गोष्ट अर्थाची. 'आल्मुस' हे लॅटिनमधले विशेषण आहे, आणि स्त्रीलिंगी नामाबरोबर त्याचेच 'आल्मा' होते. 'आलेरे', म्हणजे पोसणे, या क्रियापदापासून ते बनले असून त्याचा अर्थ पोषण करणारा, जीवनदायी आणि त्यावरून कृपाळू असा होतो. हा शब्द मुख्यतः कवींचा आहे. रोमन कवी होरेसने इ. स. पू. 17 मधल्या आपल्या स्तोत्रात सूर्याला 'आल्मे सोल' अशी हाक घातली, तर त्याच काळातल्या व्हर्जिलने वसंतात अंकुरणाऱ्या शेताला 'आल्मुस आगेर' म्हटले. शेताला आत्मा म्हणण्यात काय हशील? गोंधळाचे मूळ स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत आहे. तिथे 'आल्मा' म्हणजे खरोखरच आत्मा; पण तो शब्द लॅटिन 'आनिमा'पासून आला, मधला स्वर गळाला आणि 'म'शेजारच्या 'न'चा 'ल' झाला. दिसायला जुळे, पण घराणी वेगळी.

संस्कृतचा दावा तर याच गोंधळावर उभा आहे. 'आत्मन्'चा युरोपातला नातलग म्हणजे श्वास या अर्थाचा जर्मन 'आटेम'. 'आनिमा'चे नाते आपल्या 'प्राण' आणि 'अनिल' या शब्दांतल्या 'अन्' धातूशी आहे, आणि तेही समान पूर्वज भाषेमुळे, उसनवारीने नव्हे.

विद्यापीठांना श्रेय देणे हेही कालविपर्यासाचे आहे. इ. स. पू. पहिल्या शतकात रोमन कवी लुक्रेशियसने लिहिले की आकाश हा सर्वांचा पिता, आणि त्याचे जलबिंदू झेलून गर्भवती झालेली 'आल्मा मातेर' धरणी पिके, झाडे व माणसे प्रसवते. पुढे ख्रिस्ती स्तोत्रांत हेच विशेषण येशूची माता मरियेला लागले. इटलीतल्या बोलोन्यासारख्या विद्यापीठांच्या नावात ते आले, ते त्यानंतर.

मेळाव्याच्या निमंत्रणावर छापलेल्या 'अ‍ॅलम्नाय'चे, म्हणजे माजी विद्यार्थ्यांसाठीच्या शब्दाचे, एकवचन 'अलुम्नुस' हेही 'आलेरे'पासूनच आले आहे: पोसलेले मूल.