तान्ह्या बाळाला पाणी पाजण्याच्या मेसेजबद्दल खुलासा

'सोलापूरचं ऊन कडक आहे, तान्ह्याला दर दोन तासांनी चमचाभर पाणी पाजा' असा मेसेज फिरतोय. मीही तो न तपासता पुढे पाठवला होता. चूक माझी.

आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना पहिले ६ महिने फक्त अंगावरचं दूध पाजायला सांगते, भर उन्हाळ्यातही. इवल्याशा पोटात पाणी गेलं की बाळ दूध कमी ओढतं. जुलाबाची भीती वेगळीच. पाण्याचा तांब्या आईच्या उशाशी हवा. सहा महिन्यांनंतर मात्र उकळून गार केलेलं पाणी आणि वरणात भिजवून मऊ कुस्करलेली ज्वारीची भाकरी द्या. सासूबाईंना पटत नसेल, तर आशाताईंना घरी बोलवा.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा टाका.