स्वस्त ब्लँकेटांमुळे सॅलिश लोकरी कुत्रा संपला, हे खरे नाही

समाजमाध्यमांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे सॅलिश लोक कुत्र्यांची लोकर कातरून निव्वळ त्याच लोकरीची ब्लँकेटे विणत. मग हडसन्स बे या ब्रिटिश व्यापारी कंपनीची स्वस्त ब्लँकेटे आली, लोकांनी कुत्रे सोडून दिले आणि जात संपली. सोबत पांढऱ्याशुभ्र सामोयेडचा फोटो असतो.

फोटोचे आधी उरकू. सामोयेड सायबेरियाचा. सॅलिश कुत्र्याचे ओळख पटलेले एकच कातडे आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. ते ‘मटन’ नावाच्या कुत्र्याचे. निसर्ग-अभ्यासक जॉर्ज गिब्ज यांनी तो पाळला होता आणि १८५९ मध्ये तो मेला. त्याच्या जनुकांचा अभ्यास २०२३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. त्यानुसार त्याचा वंश सुमारे ५,००० वर्षांपूर्वीच इतर कुत्र्यांपासून वेगळा झाला होता. ११,००० हून अधिक जनुके तपासल्यावर केसांच्या वाढीशी संबंध असलेल्या २८ जनुकांत निवडीच्या खुणा सापडल्या.

‘निव्वळ कुत्र्याची लोकर’ हेही चूक. या कुत्र्याच्या अंगावर दाट लव होती. १७९२ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हरने लिहून ठेवले आहे की हे कुत्रे मेंढ्यांसारखे अगदी कातडीलगत कातरलेले होते आणि कातरलेला थर एका कोपऱ्याला धरून उचलला तरी तुटत नसे. तरीही विणकर त्यात डोंगरी शेळीची लोकर मिसळत. कधी फायरवीड या रानझाडाच्या बोंडांतला कापूस किंवा पाणकणसाची म्हातारीही घालत. जुन्या वस्त्रांतली प्रथिने तपासली तेव्हा कुत्र्याचे केस शेळीच्या लोकरीत मिसळलेलेच आढळले, तेही रोजच्या वापराच्या वस्त्रांत. समारंभाची वस्त्रे निव्वळ शेळीच्या लोकरीची होती.

मिश्रण तयार करायचे म्हणजे आधी त्यावर पांढरी माती टाकून लाकडी पट्टीने झोडायचे. माती तेलकटपणा शोषते. तो राहिला तर तंतू गोळा होतात आणि पीळ एकसारखा बसत नाही. मग मांडीवर वळून सैल पेळू करायचे आणि मोठ्या चकतीच्या चातीवर पीळ द्यायचा. सूत जाड असते, म्हणून चकतीही वजनदार लागते. शेवटी दोन आडव्या दांड्यांच्या मागावर विणकाम.

आता मुख्य मुद्दा. कंपनीचे फोर्ट लँगली हे व्यापारी ठाणे १८२७ मध्ये उभे राहिले आणि तिची ब्लँकेटे घरोघर पोचली, हे मान्य. पण ही जात टिकवायला रोज राबावे लागे. गावातले इतर, शिकारीचे कुत्रे यांच्याशी संकर झाला की दोन-तीन पिढ्यांत लोकर बिघडते. म्हणून लोकरी कुत्रे लहान बेटांवर किंवा कुंपणात वेगळे ठेवत आणि होडीने जाऊन त्यांना मासे खाऊ घालत. हे काम बायकांचे, आणि कुत्रेही त्यांच्याच मालकीचे. कळपावरून घरची प्रतिष्ठा कळे. स्वस्त माल आल्याबरोबर हे सगळे सोडून दिले असते, तर ३२ वर्षांनंतरच्या मटनचा सुमारे ८५ टक्के वंश युरोपीय येण्याआधीच्या कुत्र्यांचा कसा राहिला? कुणीतरी तोवर कसोशीने जपणूक करत होते.

मग जपणूक थांबली कशाने? १७८२ च्या सुमारास देवीच्या साथीने गावेच्या गावे ओस पडली. १८६२ मध्ये याच किनाऱ्यावरच्या व्हिक्टोरिया शहरातून पुन्हा देवीची साथ पसरली. बेटावर मासे घेऊन जाणारे हातच गेले, की कळप पुढच्या माजाला इतर कुत्र्यांत मिसळणार. जगलेल्यांच्या मुलांना निवासी शाळांत नेले, त्यामुळे आजीकडून नातीकडे जाणारी विद्या मध्येच तुटली. कॅनडाने १८८४ मध्ये पॉटलॅचवर, म्हणजे भेटी वाटण्याच्या पारंपरिक समारंभावर, बंदीचा कायदा केला. ज्या समारंभांत ही वस्त्रे वाटली जात, तेच गुन्हा ठरले. स्क्वामिश, मस्क्वियम, स्टोलो आणि स्कोकोमिश या सॅलिश समाजांतल्या ज्येष्ठांनी व विणकरांनी त्याच २०२३ च्या अभ्यासात सांगितले आहे की बायकांनी कुत्रे मनाने सोडले नाहीत. त्यांना ते सोडायला लावले गेले. फिरणाऱ्या मजकुरात याबद्दल एक अक्षर नसते. पॉटलॅचवरची बंदी उठली ती १९५१ मध्ये. तोवर कातरायला एकही लोकरी कुत्रा उरला नव्हता.